बर्गेनची हिवाळी आगबोट

आमच्या वसाहतीतील एक वडीलधारे गृहस्थ नुकतेच सेवानिवृत्त झाले. त्यांची कन्या व जावई युरोपात असतात. येत्या जानेवारीत नॉर्वेतील बर्गेन बंदरातून निघून त्या देशाच्या उत्तर टोकापर्यंत जाणाऱ्या बोटीने आईवडिलांना फिरवून आणावे, असा त्या मुलांचा बेत आहे. एके दिवशी संध्याकाळी त्यांनी मला गाठले आणि म्हणाले, "अहो, तुम्ही इतिहासाची पुस्तके चाळता. तिकडे त्या दिवसांत हवा कशी असेल, ते एका वाक्यात सांगा पाहू!"

एका वाक्यातील उत्तर मला देता आले नाही. मात्र त्या प्रश्नाच्या निमित्ताने जे वाचन घडले, त्यातून एक मोठा मनोरंजक इतिहास हाती आला. "हवा कशी असेल?" हा प्रश्न ज्या बंदरात पिढ्यान्‌पिढ्या जीवनमरणाचा होता, त्याच बंदरात त्या प्रश्नाचे आधुनिक शास्त्र जन्माला आले. परमुलुखात नोकरी करणाऱ्या व घरच्या पत्राची वाट पाहण्यात आयुष्याचा बराच काळ घालविलेल्या आपल्यासारख्यांना तर हा इतिहास अधिकच जवळचा वाटेल. कारण त्याचा आरंभ टपालाच्या थैलीपासून होतो.

बर्गेन साधारणपणे साठ उत्तर अक्षांशावर आहे. ग्रीनलंडचे दक्षिण टोकही जवळजवळ याच अक्षांशावर येते. तिकडे बर्फाचे राज्य, तर बर्गेनच्या बंदरात हिवाळ्यातही पाणी गोठत नाही. जानेवारीचे सरासरी तापमान शून्याच्या एकदोन अंश वरच राहते. अटलांटिक महासागरातून ईशान्येकडे वाहत येणारा उबदार प्रवाह आणि त्यावरून येणारे नैऋत्येचे वारे यांची ही कृपा. पण या कृपेची किंमत पावसाने चुकवावी लागते. गावाभोवती डोंगरांचे कडे आहे. समुद्रावरून आलेली ओली हवा त्यावर चढते आणि वर्षाकाठी दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाणी तेथे ओतून जाते. आपल्या कोकणात याहूनही अधिक पाऊस पडतो, परंतु चार महिन्यांत आपले काम उरकून तो निघून जातो. बर्गेनच्या पावसाला असा नेमून दिलेला हंगाम नाही, आणि शरद व हिवाळा हे तर त्याचे विशेष आवडते दिवस.

कोकणच्या दर्यावर्दी माणसाने हवेचा प्रश्न फार प्राचीन काळी एका रीतीने सोडविला होता. पावसाळा आला की होड्या किनाऱ्यावर ओढावयाच्या आणि नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून पुन्हा दर्यावर जावयाचे. हा नेम मोडला की काय होते, याची आठवण १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेल्या व सहाशेहून अधिक माणसांसह बुडालेल्या 'रामदास' बोटीने महाराष्ट्राला कायमची देऊन ठेवली आहे. नॉर्वेच्या कोळ्याला मात्र असा नेम पाळण्याची सोयच नव्हती. लोफोटेन बेटांपाशी कॉड मासा अंडी घालण्यासाठी येतो तो जानेवारी ते एप्रिल या काळात. आणि हाच वाळविलेला मासा शतकानुशतके बर्गेनच्या व्यापाराचा कणा होता. म्हणजे ज्या महिन्यांत समुद्र सर्वांत खवळलेला व दिवस सर्वांत लहान, नेमक्या त्याच महिन्यांत दर्यावर जाणे भाग होते.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी उत्तर नॉर्वेचे टपाल या परिस्थितीच्या तावडीत सापडलेले होते. ट्राँडहेम येथे टाकलेले पत्र हॅमरफेस्टला पोहोचावयास उन्हाळ्यात तीन आठवडे लागत, आणि हिवाळ्यात पाच महिन्यांपर्यंतही लागत. १८९१ साली ऑगस्ट ग्रान या सरकारी सल्लागाराने या किनाऱ्यावर वर्षभर चालणारी जलद आगबोट सुरू करावी अशी सूचना केली. मोठ्या कंपन्यांनी मान हलविली. हिवाळ्याच्या अंधारात, रात्री, त्या खडकाळ किनाऱ्याने वेळापत्रकाप्रमाणे बोट चालविणे अशक्य आहे, असे त्यांचे मत पडले. आणि ते अगदीच निराधार नव्हते. ट्राँडहेमच्या उत्तरेस त्या वेळी अवघी २८ दीपगृहे होती आणि उपयोगी पडतील असे सागरी नकाशे दोनच.

हे काम अंगावर घेतले ते व्हेस्टरॉलेन बेटांवरील एका लहानशा कंपनीचे कप्तान रिचर्ड वित यांनी. त्यांनी व त्यांचे वाटाडे अँडर्स होल्टे यांनी काही वर्षे एक कंटाळवाणा उद्योग चालविला होता. प्रत्येक फेरीत होकायंत्राची दिशा, बोटीचा वेग आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोहोचावयास लागलेला वेळ हे सर्व ते वहीत टिपून ठेवीत. अशा नोंदींचा साठा झाल्यावर त्यांची खात्री पटली की, डोळ्यांना काही दिसत नसले तरी होकायंत्र, घड्याळ आणि वही या तिहींच्या आधाराने बोट नेता येईल. २ जुलै १८९३ रोजी सकाळी 'व्हेस्टरॉलेन' ही आगबोट ट्राँडहेमहून निघाली आणि ६७ तासांनी हॅमरफेस्टला पोहोचली. १८९८ पासून या मार्गाचा आरंभ बर्गेनपासून होऊ लागला, आणि पुढे त्याचे दुसरे टोक रशियाच्या सीमेजवळील किर्केनेसपर्यंत गेले. हुर्टिग्रुटेन, म्हणजे 'जलद मार्ग', या नावाने तो प्रसिद्ध झाला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. वित यांनी चांगल्या हवेची अपेक्षा केली नाही. हवा वाईट असणार हे त्यांनी गृहीत धरले आणि त्या वाईटपणाचा हिशेब वेळापत्रकात मांडला. अंधार, हिमवृष्टी आणि वादळ हे त्या हिशेबातील नेहमीचे खर्च होते. परंतु अमुक वादळ अमुक रात्री येणार, हे सांगणारी वही मात्र त्यांच्यापाशी नव्हती. ती कोणापाशीच नव्हती. नॉर्वेची सरकारी हवामानसंस्था १८६६ साली हेन्रिक मोन यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेली होती आणि तारायंत्रेही होती. तरीही १८९९ च्या ऑक्टोबरात, १३ व १४ तारखांच्या मधल्या रात्री, फ्रोया बेटावरील टिट्रान या गावाजवळ मासेमारीस गेलेल्या होड्यांवर एकाएकी वादळ कोसळले आणि १४० माणसे बुडाली. सरासरी हवेचे ज्ञान कितीही पक्के असले तरी एका रात्रीचे संकट ते टाळू शकत नाही, हाच या दुर्घटनेचा अर्थ.

ही उणीव भरून काढण्याचे श्रेय बर्गेनला जाते. विल्हेल्म बियर्क्नेस हे मुळात गणिती पदार्थवैज्ञानिक. १९०४ साली त्यांनी असे प्रतिपादन केले की, हवेची आजची अवस्था पुरेशी अचूक कळली आणि तिच्यातील बदलांचे नियम ठाऊक असले, तर उद्याची हवा गणिताने काढता आली पाहिजे. १९१७ साली ते लाइपझिगहून बर्गेनला आले. पहिले महायुद्ध चालू होते. नॉर्वे तटस्थ असला तरी बाहेरून येणारे धान्य दुर्मिळ झाले होते आणि ब्रिटनकडून येणारी हवेची माहिती युद्धातील गुपित म्हणून बंद पडली होती. नॉर्वेकडे येणारी वादळे बहुधा पश्चिमेकडूनच येतात, तेव्हा जणू पश्चिमेची खिडकीच कोणी लावून घेतली! शेतकऱ्यांना व कोळ्यांना इशारे तर देणे प्राप्त होते.

बियर्क्नेस यांनी यावर जो उपाय योजिला तो सरकारी नोकराला लगेच पटण्यासारखा आहे. दूरची माहिती मिळत नाही ना, तर जवळची अधिक दाट गोळा करू, असे त्यांनी ठरविले. १९१८ च्या उन्हाळ्यापर्यंत पश्चिम नॉर्वेतील निरीक्षणस्थानांची संख्या कित्येक पटींनी वाढविण्यात आली. दीपगृहांचे राखणदार, कोळी, पाणबुड्यांवर नजर ठेवणाऱ्या नाविक चौक्यांवरील माणसे, अशी साधी मंडळी ठरल्या वेळी वारा, ढग, दाब आणि तापमान यांची नोंद करून बर्गेनला कळवू लागली.

या दाट नोंदींचे नकाशे मांडता मांडता विल्हेल्म यांचे तरुण पुत्र याकोब यांच्या एक गोष्ट लक्षात आली. वादळ म्हणजे एकजिनसी भोवरा, ही समजूत अपुरी होती. त्याच्या पोटात उबदार आणि थंड हवेचे दोन निराळे प्रदेश असून त्यांच्यामधील सीमा बरीच रेखीव असते. १९१९ साली त्यांनी हे प्रसिद्ध केले. हाल्वोर सोलबर्ग आणि स्वीडनचे टॉर बर्गेरॉन या तरुण सहकाऱ्यांनी त्या चित्रात पुढे भर घातली. ध्रुवाकडील थंड हवा व दक्षिणेकडील उबदार हवा यांच्या सीमेला त्यांनी 'आघाडी' हे नाव दिले, ते महायुद्धातील सैन्यांच्या आघाड्यांवरून. आज आपण ज्याला हवामानाचा नकाशा म्हणतो त्यावरील आघाड्यांच्या रेषा या बर्गेनच्याच.

हिवाळ्यात बर्गेनहून निघणाऱ्या प्रवाशाला या सिद्धान्ताचा अनुभव फुकट मिळतो. प्रथम पश्चिमेकडे पातळ ढगांचा पडदा दिसतो. तो दाट होत जातो आणि संथ, चिवट पाऊस सुरू होतो. ही उबदार आघाडी. ती गेली की हवा किंचित ऊबदार व धूसर होते. मग एकाएकी सोसाट्याचा वारा सुटतो, नैऋत्येचा वारा वायव्येकडे वळतो आणि गारांच्या किंवा बर्फाच्या सरी व त्यांमधून लख्ख उघडीप असा खेळ चालतो. ही थंड आघाडी. एकदोन दिवसांत दुसरे वादळ येते. ती बहुधा कुटुंबकबिल्यासह प्रवास करतात. दिल्लीतल्या वाचकालाही हे अगदीच परके नाही. पौष-माघात पश्चिमेकडून येऊन उत्तर हिंदुस्थानात पाऊस आणि मागाहून थंडीची लाट देऊन जाणारे पश्चिमी विक्षोभ हे याच कुळातील दूरचे आप्त होत.

पुढील शंभर वर्षांत साधने पुष्कळ वाढली. १९४८ पासून २००९ च्या अखेरपर्यंत नॉर्वेजियन समुद्रात ६६ उत्तर अक्षांशावर एक हवामान-नौका केवळ निरीक्षणासाठी उभी असे. कृत्रिम उपग्रह आले, संगणक आले, आणि १९०४ चे बियर्क्नेस यांचे स्वप्न बऱ्याच अंशी खरे झाले. बर्फावरून येणारी अतिथंड हवा उघड्या, उबदार समुद्रावर येताच उद्भवणारी लहान पण तीव्र ध्रुवीय वादळे कोळ्यांना पूर्वीपासून ठाऊक होती. त्यांचे स्वरूप उपग्रहांच्या चित्रांनी उघड केले. ती अल्पायुषी असल्याने त्यांचा अचूक इशारा देणे आजही कठीण जाते.

मात्र इशारा मिळाला म्हणजे संकट टळले, असे नाही. 'व्हायकिंग स्काय' नावाचे प्रवासी जहाज १४ मार्च २०१९ रोजी बर्गेनहून उत्तरेकडील हिवाळी प्रवासास निघाले होते. परत येताना वादळाची सूचना होती आणि त्यापायी एका बंदरातील मुक्काम रद्दही केला गेला होता. २३ मार्चला हुस्टाडविका या उघड्या, खडकाळ भागात जहाजाची इंजिने बंद पडली. यंत्रांतील वंगणतेलाची पातळी कमी होती आणि खवळलेल्या समुद्रात जहाज हेलकावू लागताच ती उणीव नडली. जहाजावर १,३७३ माणसे होती. त्यांपैकी ४७९ जणांना हेलिकॉप्टरने एकेक करून उचलावे लागले. नांगर टाकून व इंजिने पुन्हा चालू करून खलाशांनी जहाज खडकांपासून वाचविले आणि दुसऱ्या दिवशी ते मोल्डे बंदरास लागले. हवेचा अंदाज चुकलेला नव्हता. तेलाच्या टाकीकडे पुरेसे लक्ष नव्हते.

हा सारा इतिहास वाचताना आमच्यासारख्या नोंदवह्यांत जन्म काढणाऱ्या माणसाच्या मनात एक विचार आल्यावाचून राहत नाही. बियर्क्नेस पितापुत्रांची प्रतिभा थोर, यात शंका नाही. परंतु होल्टे यांची ती वही नसती, तर वित यांचे धैर्य आंधळे ठरले असते; आणि किनाऱ्यावरील त्या अज्ञात राखणदारांनी भर पावसात बाहेर जाऊन आकडे टिपले नसते, तर बर्गेनच्या नकाशावर आघाडीची रेषा उमटलीच नसती. एखादे दिवशी कंटाळून त्यांपैकी कोणी घरात बसूनच आकडा लिहिला असता, तर ते कोणाला कळलेही नसते. आपला आकडा पुढे कोणाच्या उपयोगी पडणार, हे त्यांनाही दिसत नव्हते. तरीही बहुतेकांनी तो खराच लिहिला असला पाहिजे, कारण खोट्या आकड्यांतून एवढी सरळ रेषा निघत नाही. आमच्या टेबलावरून रोज जाणाऱ्या कागदांकडे मी हल्ली थोड्या निराळ्या नजरेने पाहतो, हे कबूल करावयास हरकत नाही.

आमच्या शेजारी गृहस्थांना मी शेवटी उत्तर दिले, पण ते एका वाक्याचे झाले नाही. बर्गेनला छत्री व बरसाती हवी. थंडीपेक्षा ओलाच अधिक बाधेल. ट्रॉम्सोला जानेवारीचे सरासरी तापमान शून्याखाली चार अंशांच्या आसपास, आणि महिन्याच्या मध्यापर्यंत सूर्य उगवणारच नाही. दुपारचा निळसर उजेड तेवढा मिळेल. किर्केनेसला समुद्राची ऊब कमी पडते, तेव्हा शून्याखाली दहा किंवा त्याहूनही खाली. बराचसा मार्ग बेटांच्या आडोशाने जातो. पण स्टाड, हुस्टाडविका, फोल्डा, वेस्टफ्योर्ड आणि लोप्पा येथे उघडा समुद्र लागतो, तेथे जेवण बेताचे करावे. उत्तररंग दिसतीलच असे नाही, ढगांची मर्जी. एखादे बंदर वादळामुळे गाळले गेले, तर कप्तानाला दोष देऊ नये.

ते सर्व त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. मग म्हणाले, "म्हणजे नक्की काहीच सांगता येत नाही, असेच ना?"

मी म्हटले, "नाना, रोजची हवा त्या दिवशीच्या सकाळी कळेल, आणि ती बरीच खरी कळेल. त्यासाठी माणसांनी शंभर वर्षे वह्या लिहिल्या आहेत."

त्यांनी क्षणभर विचार केला आणि लोकरी बंडीचे माप देण्यासाठी ते शिंप्याकडे निघून गेले.