खरे माणिक कोणते?

साखरपुड्याच्या अंगठीसाठी माणिक निवडताना पहिली शंका येते ती खडा खरा आहे की नाही, ही. शंका जुनीच आहे. इंग्लंडच्या राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ प्रत्यक्षात स्पिनेल हे वेगळे खनिज आहे. केवळ रंग पाहणारे फसले. माणिक म्हणजे स्फटिकरूप ॲल्युमिनियम ऑक्साइड. त्यातील किंचित क्रोमियममुळे ते लाल दिसते. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ ऑग्युस्त व्हर्नेय यांनी हेच घटक ज्योतीत वितळवून माणिक बनवले व ही पद्धत १९०२ मध्ये जाहीर केली. आता घटक तपासूनही भागेना! सूक्ष्मदर्शकाने मात्र भेद कळतो. खाणीतल्या खड्यातील वाढीच्या रेषा सरळ असतात, व्हर्नेय पद्धतीच्या खड्यातील वक्र. पदार्थ एकच, जन्मकथा निराळी. मग आपण किंमत मोजतो ती कशाची? वर्गात जरूर विचारून पाहा.