सोळा आणि पन्नास

अमेरिकेतल्या कम्युनिटी कॉलेजांचा इतिहास बहुतेक अभ्यासक १९०१ सालापासून सांगतात. इलिनॉय राज्यातल्या जोलिएट गावी हायस्कुलालाच जोडून पुढच्या दोन वर्षांचे वर्ग निघाले; पहिल्या तुकडीत अवघे सहा विद्यार्थी होते. पुढे १९४७ मध्ये अध्यक्ष ट्रूमन यांनी नेमलेल्या आयोगाने ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव सर्वतोमुखी केले आणि १९६० च्या दशकात तर सरासरीने आठवड्याला एक या वेगाने नवी कॉलेजे उघडत गेली. आपल्याकडे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१३ च्या सुमारास याच नावाची योजना आणली, पण तिचा भर कौशल्यांच्या अभ्यासक्रमांवर होता. अमेरिकेतली संस्था त्याहून पुष्कळ मोठी. दोन वर्षांचे शिक्षण, बेताची फी, आणि येईल त्याला प्रवेश. दिवसा कारखान्यात राबणारा, मुले शाळेत गेल्यावर पुस्तक उघडणारी आई, शाळेत गणिताने छळलेला, असे सगळे एका बाकावर.

आता दार सताड उघडे ठेवले की माणसे आत येतात तशी बाहेरही जातात. या कॉलेजांत यंत्रे का आली आणि त्यांनी काय केले, हे तपासताना मला गळतीचा हा धागा सर्वांत उपयोगाचा वाटत आला आहे. यंत्राच्या बाजूचे आणि विरोधातले जे लिखाण वाचायला मिळते, त्यात गुणांची चर्चा फार आणि निघून गेलेल्यांची फार थोडी.

यंत्र आधी शिरले ते कचेरीत. ऐंशी स्तंभांचे पंचकार्ड हे अमेरिकन कॉलेजांच्या नोंदणीचे वर्षानुवर्षांचे वाहन होते. सत्राच्या आरंभी व्यायामशाळेत टेबले मांडली जात. प्रत्येक विषयाच्या टेबलावर जितक्या जागा तितकी कार्डे. विद्यार्थ्याने रांगेत उभे राहून कार्ड मिळवायचे. गठ्ठा संपला की वर्ग भरला! पद्धत कटकटीची खरी, पण हिशेब चोख. फक्त एवढेच, की या कार्डाला विद्यार्थी आला हे कळे; तो सहाव्या आठवड्यापासून दिसेनासा झाला, हे कळत नसे.

शिकवण्याच्या बाजूने पहिला मोठा प्रयोग शिकागोचा. १९५६ च्या सप्टेंबरात तिथल्या सार्वजनिक ज्युनियर कॉलेजने डब्ल्यूटीटीडब्ल्यू या शैक्षणिक वाहिनीवरून पदवीपूर्व अभ्यासक्रम दाखवायला सुरुवात केली. फोर्ड प्रतिष्ठानच्या निधीचा आधार होता. घरी बसून शिकणाऱ्यांत वयाने मोठ्या विद्यार्थ्यांचा आणि विशेषतः गृहिणींचा भरणा होता, आणि परीक्षेत ते वर्गातल्या विद्यार्थ्यांच्या मागे पडले नाहीत. पडद्यामागे मात्र जुनीच यंत्रणा होती: टपालाने येणारा गृहपाठ तपासणारे शिक्षक, ठरल्या वेळी फोनवर सापडणारे शिक्षक, आणि प्रत्यक्ष केंद्रावर येऊन द्यायची परीक्षा. दूरदर्शनचे कौतुक झाले. फोनवाल्या शिक्षकाचे कोणी फारसे केले नाही.

मिशिगनमधल्या ओकलंड कम्युनिटी कॉलेजने १९६५ मध्ये उघडतानाच आणखी धाडस केले. पर्ड्यू विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पोस्टलथवेट यांनी कच्ची तयारी असलेल्या विद्यार्थ्यांसाठी १९६१ मध्ये ध्वनिफितींचे जादा पाठ केले होते. ओकलंडने ती जोडणी उचलून सबंध कॉलेजच त्या तत्त्वावर उभारले. विद्यार्थ्याने खोपट्यासारख्या कप्प्यात बसून टेपरेकॉर्डर ऐकायचा.

पण खरी परीक्षा झाली ती १९७० च्या दशकात. राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानने संगणकाधारित शिक्षणाचे दोन प्रकल्प निवडले आणि त्यांवर सुमारे एक कोटी डॉलर लावले. एक इलिनॉय विद्यापीठाचा प्लेटो, दुसरा मायटर कॉर्पोरेशनचा टिकिट. दोन्हींची कसोटी कम्युनिटी कॉलेजांतच घ्यायची असे ठरले, आणि मूल्यमापनाचे काम एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या बाहेरच्या संस्थेकडे दिले. अशा कामी बाहेरचा परीक्षक नेमण्याचे शहाणपण तेव्हाही विरळच होते.

टिकिटची घडण आज पाहिली तरी आश्चर्य वाटते. मिनीकॉम्प्युटरला जोडलेले रंगीत दूरदर्शन संच, आणि कळफलकाच्या बाजूला खास कळा: नियम दाखव, उदाहरण दाखव, सराव दे, सोपे कर, अवघड कर, मदत कर. गती आणि वाट विद्यार्थ्याने ठरवायची. पाठ ब्रिगहम यंग विद्यापीठातल्या तज्ज्ञांच्या चमूने रचले होते. ज्या कॉलेजांत ते चालणार, तिथल्या शिक्षकांचा हात त्यात थोडा. उद्देश लपवलेला नव्हता. पूरक साधन म्हणून नव्हे, तर मुख्य शिक्षक म्हणूनच यंत्र बसवायचे होते, तेही तासाला माणशी एका डॉलरहून कमी खर्चात. अॅरिझोनातले फीनिक्स कॉलेज आणि नॉर्दर्न व्हर्जिनिया कम्युनिटी कॉलेजचा अलेक्झांड्रिया परिसर, अशा दोन ठिकाणी गणित आणि इंग्रजी लेखन हे विषय सुरू झाले.

मूल्यमापनाचा निष्कर्ष १९७८ पर्यंत बाहेर आला. गणिताचा अभ्यासक्रम टिकिटवर जे पुरा करू शकले, त्यांची कामगिरी व्याख्यानाच्या वर्गापेक्षा स्पष्टपणे सरस होती. यंत्र शिकवत होते, यात शंका नाही. पण पुरा किती जणांनी केला? व्याख्यानाच्या वर्गात सुमारे पन्नास टक्क्यांनी, टिकिटवर सुमारे सोळा टक्क्यांनी. आणि फायदा झाला तोही मुख्यतः ज्यांचा पाया आधीच पक्का होता त्यांना. ज्यांच्यासाठी दार उघडे ठेवले होते, ते त्याच दाराने निघून गेले. इंग्रजीच्या वर्गांत शिक्षक अधिक गुंतलेले होते. तिथे गळतीत असा मोठा फरक पडला नाही. एकाच यंत्राच्या दोन विषयांतला हा फरक मला सोळा-पन्नासच्या आकड्यापेक्षाही बोलका वाटतो. ‘तुझ्या गतीने शीक’ हे वाक्य ऐकायला मोकळे. पण रात्रपाळी करून आलेल्या माणसाला ते ‘आज नाही आलास तरी चालेल’ असेही ऐकू येते.

प्लेटोची गोष्ट निराळी. शिकागोच्या सिटी कॉलेजांत त्याची नारिंगी पडद्याची टर्मिनले फोनच्या तारांनी अर्बानातल्या संगणकाला जोडली होती. कोणता पाठ कधी वापरायचा हे वर्गशिक्षक ठरवत. निकाल: गुणांत म्हणावी अशी वाढ नाही, गळतीतही फरक नाही, शिक्षक-विद्यार्थी मात्र खूश. निधी देणाऱ्यांना हे मिळमिळीत वाटले असल्यास नवल नाही. टिकिट पुढे हॅझेल्टाइन कंपनीकडे गेले आणि अमेरिकी नौदलाच्या प्रशिक्षणात रमले. तिथे वर्ग सोडून जाण्याची मुभा नसते.

त्याच सुमारास फ्लोरिडातल्या मायामी-डेड कॉलेजात संगणकाला वेगळेच काम लावले होते. आरएसव्हीपी नावाच्या त्या व्यवस्थेत शिक्षक छोटे छोटे परिच्छेद लिहून ठेवत. विद्यार्थ्याने उत्तरे खुणांनी भरून दिली की, कोणत्या चुकीला कोणता परिच्छेद, हे जुळवून यंत्र त्याच्या नावाने पत्र तयार करी. ही व्यवस्था घडवण्यात कमला आनंदम् यांचा मोठा वाटा होता. १९८० च्या दशकाच्या आरंभी, अध्यक्ष रॉबर्ट मॅकेब यांच्या कारकिर्दीत, हीच कल्पना सबंध कॉलेजाला लागू झाली. सत्राच्या मध्यावर शिक्षकाने प्रत्येकाची हजेरी आणि प्रगती नोंदवायची. मग संगणक हजारो विद्यार्थ्यांना पत्रे धाडी. तुमची उपस्थिती घसरली आहे, अमुक ठिकाणी मदत मिळेल, अशा धर्तीची. मजकूर यंत्राने जुळवलेला, नोंद माणसाने केलेली. कचेरी आणि वर्ग यांच्यात इतकी वर्षे जी भिंत होती, तीत इथे पहिल्यांदा खिडकी पडली.

या खिडकीतून दोन्हीकडचे दिसे, हेही सांगितले पाहिजे. ज्या नोंदींवरून पत्रे जात, त्याच प्रकारच्या नोंदींवरून प्रगतीचे नवे निकष लावले गेले आणि पहिल्या काही वर्षांत हजारो विद्यार्थ्यांना कॉलेजने काही काळ बाहेर ठेवले.