पिलू कशासाठी? जुन्नर-आंबेगावच्या कुत्र्यांचा थोडा इतिहास

मंडळी, जुन्नरचा इतिहास म्हटला की आपल्याला शिवनेरी आठवते, लेणी आठवतात, नाणेघाट आठवतो. आज या मुलखातल्या कुत्र्याबद्दल बोलू. कुत्रीला जोड लावावी की नाही, हा प्रश्न आपल्याकडे घरापुरता राहिलेला नाही. तो बिबट्यापर्यंत पोचलाय.

कर्नल साइक्स या इंग्रज अधिकाऱ्याने १८३१ मध्ये दख्खनच्या सस्तन प्राण्यांची यादी प्रसिद्ध केली. त्यात गावकुत्र्यापासून वेगळी अशी ‘ब्रिंजारी’ कुत्र्याची नोंद आहे. ब्रिंजारी म्हणजे बंजारा. बैलांवर धान्य-मीठ लादून फिरणाऱ्या तांड्यांचा हा उंच, सडपातळ कुत्रा. त्याच ठेवणीच्या कारवान कुत्र्याची पुढे मुधोळच्या घोरपडे राजांनी जोपासना केली. मालोजीरावांनी त्यातले कुत्रे पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिले आणि ‘मुधोळ हाउंड’ हे नाव रूढ झालं. २००५ मध्ये तो टपाल तिकिटावरही आला.

दुसरी परंपरा धनगरांच्या वाड्याची. चाऱ्यामागे मैलोन्‌मैल चालायचं, रात्री मेंढरांभोवती जागायचं, लांडगा आला तर भुंकून वाडा उठवायचा. इथे रूपाला काय किंमत? कोकरावर दात टाकणारा कुत्रा वाड्याच्या कामाचाच नाही. राजाने वेग पाहिला, धनगराने राखण पाहिली. पण दोघांचाही पहिला प्रश्न एकच होता : पिलू कशासाठी हवंय?

मग काय बदललं? कुकडी प्रकल्पाची धरणं झाली, डिंभे झालं, पाणी आलं, ऊस आला. उसात बिबट्याला आडोसा मिळाला. २००१ ते २००३ या काळात जुन्नर वनविभागात माणसांवरचे हल्ले वाढले. माणिकडोहचं बिबट्या निवारा केंद्र आपण सगळे जाणतो. शेजारच्या अकोले तालुक्यात संशोधकांनी बिबट्याची विष्ठा तपासली, तेव्हा त्याच्या खाण्यात वजनाने सर्वांत मोठा वाटा कुत्र्यांचा निघाला, सुमारे ३९ टक्के.

आता हिशेब करा. कुत्री माजावर आली, कुणी लक्ष दिलं नाही, साधारण ६३ दिवसांनी पाच-सहा पिलं झाली. दोन कुणी नेली. उरलेली उसाच्या बांधावर सोडली. ती पिलं तर जातातच, पण बिबट्याला वस्तीची सवय लागते. आणि त्याच वस्तीवर आपली लेकरं अंगणात खेळतात.

‘एक वेत तरी होऊ द्यावं, कुत्रीला बरं असतं,’ असं म्हणतात. त्याला वैद्यकीय आधार नाही. विक्रीसाठी पैदास करणाऱ्यांना २०१७ चे केंद्रीय नियम लागू आहेत : कुत्री दीड वर्षाची होण्याआधी जोड नाही, आधी पशुवैद्याची तपासणी, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेतं नाहीत, आठ आठवड्यांच्या आत पिलू विकायचं नाही. घरच्या कुत्रीलाही हे लावायला काय हरकत आहे? शिवाय नर-मादी एकाच रक्ताचे नाहीत ना, दोघांचं रेबीजचं लसीकरण झालंय ना, स्वभाव चावरा नाही ना, हे बघा.

आणि सगळ्यात आधी पिलं नेणाऱ्या घरांची नावं कागदावर लिहा. पाच नावं निघत नसतील, तर कुत्रीची नसबंदी करून घ्या. वाड्यावरच्या म्हाताऱ्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. पण पोसता येईल तेवढंच ठेवायचं, हे त्याला ठाऊक होतं.