घर घेऊन निघालेल्यांची मजल

ब्रिटनमध्ये किंवा जर्मनीत स्थायिक झालेलं मराठी कुटुंब पहिल्यांदा गाडीमागे कॅराव्हॅन जोडून आल्प्सकडे जायचं ठरवतं, तेव्हा एरवीच्या प्रवासाचा त्याचा सगळा हिशेब चुकायला लागतो. एकट्या गाडीने सात तासांत उरकणारी वाट आता दोन दिवसांची होते. जर्मनीत मागे कॅराव्हॅन असेल तर वेगाची मर्यादा ताशी ८० किलोमीटर, आणि वाहनाची वेगळी तपासणी करून परवानगी घेतली असेल तर महामार्गावर १००. डोव्हरहून कॅलेला नेणारी बोट लांबीप्रमाणे पैसे घेते. काही घाटरस्त्यांवर कॅराव्हॅनला मज्जावच असतो, गॅसच्या टाकीचं तोंड देशागणिक बदलतं, आणि संध्याकाळी अंधार पडायच्या आत असा तळ गाठावा लागतो जिथे सपाट जागा, पाणी आणि सांडपाण्याची सोय आहे. थोडक्यात, ‘कुठे जायचं’ हा प्रश्न मागे पडतो आणि ‘कुठे थांबायचं’ हा पुढे येतो. हे शास्त्र युरोपातल्या सुट्टीच्या हौसेतून जन्मलं असा सर्वसाधारण समज आहे. वाहनापुरता तो खराही आहे. पण प्रवास आखायची जी रीत या वाहनाला लागते तिचं कूळ जुनं आहे, आणि तिचा एक सज्जड पुरावा आपल्या खानदेशातून जाणाऱ्या सुरत–बुऱ्हाणपूर वाटेवर सापडतो.

सतराव्या शतकात सुरतेच्या बंदरातून आग्ऱ्याला जायचे दोन रस्ते होते, एक अहमदाबादवरून आणि दुसरा बुऱ्हाणपूरवरून. फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निये याने १६७६ साली छापलेल्या आपल्या प्रवासवर्णनात दुसऱ्या रस्त्याचे मुक्काम एकामागून एक नोंदवले आहेत. बारडोली, नवापूर, नंदुरबार, थाळनेर, चोपडा आणि मग बुऱ्हाणपूर. नवापूरच्या बारीक, सुवासिक तांदळाचंही त्याने कौतुक केलं आहे. नकाशावर ही नावं जोडली की एक गोष्ट लगेच डोळ्यांत भरते. वाट नंदुरबारपर्यंत तापीच्या दक्षिणेने येते, थाळनेरला नदी ओलांडते आणि पुढे उत्तर काठाने, सातपुड्याच्या पायथ्याला समांतर जाते. या पट्ट्यात अनेर, गुळी, मोर, सुकी असे प्रवाह सातपुड्यातून उतरून तापीला मिळतात, म्हणजे वाटेला ठरावीक अंतराने आडवं पाणी लागतं. आजचा सुरत–धुळे–जळगाव महामार्ग धुळ्यावरून, तापीपासून बऱ्याच दक्षिणेने जातो, कारण डिझेलच्या इंजिनाला दर दहा किलोमीटरवर नदी लागत नाही. बैलाला लागते.

ती किती लागत असेल याचा अंदाज पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाच्या नोंदीवरून बांधता येतो. मंडी १६३०च्या नोव्हेंबरात याच वाटेने खानदेशातून गेला. तेव्हा भीषण दुष्काळ होता आणि वाटेवर त्याने पाहिलं ते उपासमारीने मेलेल्यांचं दृश्य. दोन वर्षांनी, १६३२ साली, आग्रा–पाटणा रस्त्यावर त्याला बंजाऱ्यांचा तांडा भेटला. १४,००० बैल, सगळे धान्याने लादलेले, सोबत सहाशे-सातशे माणसं, त्यात बायका, पोरं, सगळा संसार. तांडा दिवसाला फार तर सहा-सात मैल चालतो, तोही उन्हं कलल्यावर किंवा चढायच्या आत, आणि माल उतरवला की बैल चरायला सोडतात, असं तो लिहितो. आता गणित करा. माणशी वीस-बावीस बैल. बैलाला दिवसाकाठी ३० लिटर पाणी धरलं तरी एका मुक्कामाला चार लाख लिटरांवर पाणी हवं. गावाच्या विहिरीचं हे काम नव्हे. सुरतेहून बुऱ्हाणपूर सुमारे साडेतीनशे किलोमीटर मानलं, तर या चालीने महिन्याहून अधिक लागतो आणि तीसेक तळ आधीच मनात ठरलेले असावे लागतात. एक तळ चुकला तर पुढच्यापर्यंत रेटून नेता येत नाही, कारण जनावर रेटलं जात नाही. मजल-दरमजल हा आज नुसता भाषेचा अलंकार उरलाय. तांड्याच्या नायकासाठी तो रोजचा हिशेब होता, आणि त्याचं माप माणसाच्या पायावर किंवा घाईवर नव्हे, ओझं वाहणाऱ्याच्या दमावर ठरत होतं. कॅराव्हॅनवाला ताशी ८०ची मर्यादा, चढावर तापणारं इंजिन आणि संध्याकाळचा तळ यांची सांगड घालतो तेव्हा तो हाच हिशेब करत असतो.

तळ ठरले तरी तिथे उतरू दिलं पाहिजे. शहाजहानच्या काळात दख्खनच्या मोहिमेला रसद पुरवणाऱ्या भंगी आणि जंगी या नायकांची परंपरा बंजारा समाजात सांगितली जाते. वजीर आसफ खानाने त्यांना ताम्रपट दिला, आणि त्यात घरांतलं पाणी व छपरावरचं गवत घ्यायचा हक्क होता, अशी ती कथा आहे. ताम्रपटाच्या अस्सलपणावर इतिहासकारांनी हवा तेवढा वाद घालावा. परंपरेने लक्षात काय ठेवलं ते मला महत्त्वाचं वाटतं. जमीन नाही, जहागीर नाही, तर पाणी आणि चारा. वाहनाचा विमा आणि कॅराव्हॅनची कागदपत्रं जुळवताना आजचा प्रवासी ज्या चिंतेत असतो तिचं हे सतराव्या शतकातलं रूप. वाट कोणी सोडायची हाही तंटा होताच. गहू नेणारा तांडा आणि तांदूळ नेणारा तांडा समोरासमोर आले की मागे हटायला कोणी तयार नसे, रक्तपात होई, आणि अखेर बादशहाने दोन्हीकडच्या म्होरक्यांना बोलावून, एकेक लाख रुपये आणि मोत्यांची माळ देऊन समेट घडवला, असं ताव्हेर्निये सांगतो. अरुंद वाटेवर दहा-बारा हजार बैलांचा तांडा आडवा आला तर तो सरेपर्यंत दोन-तीन दिवस थांबावं लागे, ही त्याचीच तक्रार. डोंगरातल्या एकेरी रस्त्यावर कॅराव्हॅनच्या मागे तुंबलेल्या गाड्यांना निदान तासाभरात वाट मिळते.

इथे पहिला आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. बंजाऱ्यांचा तांडा काही ‘ओढत’ नव्हता, तो लादत होता. बैलाच्या पाठीवर गोण्या होत्या, चाकं नव्हती. मग ओढण्याच्या तंत्राशी त्याचा संबंध काय? उत्तर असं की ओढणारेही त्याच वाटांवर होते. दहा-बारा बैल जोडलेल्या अवजड मालगाड्यांचे शंभर-दोनशेचे काफिले ताव्हेर्नियेने वर्णिले आहेत. प्रत्येक गाडीबरोबर चार शिपाई असत, दोन या बाजूला, दोन त्या बाजूला. गाडीवरून दोन दोर आडवे टाकलेले आणि त्यांची चारही टोकं या चौघांच्या हातात. खराब जागी गाडी एका अंगाला कलली की पलीकडचे दोघे दोर ताणून धरत. आज कॅराव्हॅन डुलायला लागली की आवर घालणारी यंत्रं जोडणीच्या कड्यात बसवलेली असतात. काम तेच, मजुरी वाचली एवढंच. वजनाच्या वाटणीचं ज्ञान तर खेड्यातल्या प्रत्येक गाडीवानाला होतं. दोन चाकी गाडी मागून जड झाली तर उलाळ होते, पुढून जड झाली तर धुरजड, आणि ओझं पुढे-मागे सरकवून जोखडावर बेताचा भार ठेवायचा असतो. कॅराव्हॅनच्या एकूण वजनाच्या पाच ते सात टक्के भार जोडणीच्या गोळ्यावर यावा, मागे जास्त सामान भरलं तर वेगात ती सापासारखी वळवळते, ही आजची शिकवण त्या गाडीवानाला नवी वाटली नसती. तरी आक्षेपातला खरा भाग मान्य करायला हवा. खानदेशच्या वाटेवर घर होतं ते बिनचाकाचं, आणि चाकं होती ती बिनघराची. दोन्ही एकत्र आली ती युरोपात, तीही उशिरा. निवृत्त नौदल शल्यविशारद गॉर्डन स्टेबल्स याने ब्रिस्टलच्या कारखान्यात ‘वॉन्डरर’ नावाची, सुमारे दोन टनांची दोन घोड्यांची घरगाडी बांधून घेतली आणि १८८५ साली तिच्यातून ट्वायफर्डहून स्कॉटलंडमधल्या इन्व्हरनेसपर्यंत गेला. १९०७ साली ब्रिटनमध्ये कॅराव्हॅन क्लब निघाला आणि १९१९पासून एक्लेस कंपनी मोटारीमागे ओढायच्या कॅराव्हॅन बनवू लागली. स्टेबल्सची एक युक्ती मात्र ध्यानात घेण्याजोगी आहे. त्याचा नोकर तीनचाकी सायकलवरून पुढे जायचा आणि समोरून येणाऱ्या वाहनांना सावध करायचा. घर सोबत असलं की पुढची वाट आधी कोणीतरी पाहावी लागते, मग ते काम नायकाची माणसं करोत, सायकलवरचा नोकर करो की आजचा उपग्रह.

याच टप्प्यावर एक मोह होतो. युरोपातले रोमा मूळचे भारतातले, त्यांच्या घरगाड्या प्रसिद्ध, बंजारेही भटके, तेव्हा कॅराव्हॅन आपलीच, अशी साखळी जोडणारी व्याख्यानं बरीच ऐकू येतात. रोमांच्या भाषेचं भारतीय मूळ पक्कं आहे. पण त्यांच्या रंगीत घरगाड्या एकोणिसाव्या शतकात युरोपातच घडल्या, त्या कोणी इथून नेल्या नाहीत. रक्ताची ही वंशावळ टिकत नाही आणि तिची गरजही नाही. मी म्हणतो ते कूळ समान अडचणीतून आलेलं आहे. घर, ओझं आणि ओढणारा यांना एकत्र हलवायचं म्हटलं की जगात कुठेही मुक्कामाचंच गणित करावं लागतं. ते सर्वांत मोठ्या प्रमाणावर जिथे झालं, त्या वाटांपैकी एक ही.

दुसरा आक्षेप अधिक बोचरा आहे. तांडा पोटासाठी फिरत होता, कॅराव्हॅनवाला हौसेसाठी फिरतो, दोघांना एका माळेत ओवणं म्हणजे कष्टाला सहलीचा मुलामा देणं. हे मला अर्धं पटतं. हौशी माणसाचा तळ चुकला तर सुट्टीचा एक दिवस जातो. तांड्याचा चुकला तर जनावरं जात. शिवाय सत्तेने दोघांना एका मापाने मोजलं नाही. रेल्वे आली तसा बैलांवरचा व्यापार बसला. तापी खोऱ्यातला सुरत–अमळनेर लोहमार्ग तर नवापूर, नंदुरबार, शिंदखेडा अशी जवळपास ताव्हेर्नियेचीच वाट धरतो. त्याआधीच, १८७१ साली, गुन्हेगार जमातींचा कायदा आला होता. काही प्रांतांत बंजाऱ्यांच्या गटांनाही तो लागू झाला, आणि ज्या मुक्कामासाठी एकेकाळी ताम्रपट मिळाल्याची कथा होती त्याच मुक्कामासाठी आता हजेरी आणि दाखला लागू लागला. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. ज्या वर्षांत इंग्लंडमध्ये घर ओढत फिरणं ही सुखवस्तू माणसाची हौस बनत होती, त्याच वर्षांत इथे घर घेऊन फिरणं हा संशय होता. पण यातून तंत्र वेगळं ठरत नाही, त्याची प्रतिष्ठा वेगळी ठरते. पोटासाठीची फिरस्ती संपलेलीही नाही. साक्रीकडचे ठेलारी आजही घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढरांमागे जातात. दिवाळीच्या सुमाराला धुळे-जळगावकडची ऊसतोड कुटुंबं नवापूर ओलांडून बारडोलीच्या साखर पट्ट्यात उतरतात. तिथे नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणूनच मोजतात, हे यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकापासून तपशिलाने नोंदवलं आहे. वाट ताव्हेर्नियेचीच, दिशा उलटी. फरक एवढाच की तळ कुठे पडणार हे आता नायक नव्हे, मुकादम आणि कारखाना ठरवतो, आणि पाण्याची सोय बहुतेकदा कोणीच ठरवत नाही.

महाराष्ट्राने २०२१ साली कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण जाहीर केलं. त्यात वाहनांबरोबर तळांचाही विचार आहे, ही जमेची बाजू. चर्चा मात्र वाहनांच्या आतल्या पलंगांची आणि स्वयंपाकघराची होते. सुरत–धुळे–जळगाव महामार्गावर आज थांबायच्या जागा आहेत त्या मालट्रकवाल्यांच्या ढाब्यांच्या आवारात, तिथे रात्रभर इंजिनं घुरघुरतात. उत्तरेची जुनी वाट, शिरपूर–चोपडा–यावल–रावेरची, तुलनेने शांत आणि सातपुड्याला लगटून जाणारी आहे. तिथे तळ आखायचे तर आधी पाहावं लागेल ते एवढंच की मार्चनंतर अनेर आणि सुकीला पाणी किती उरतं, पावसाळ्यात काळ्या मातीत चाक रुतणार नाही असा मुरूम कुठे आहे, आणि ओढलेली गाडी उलटी न घेता वळून बाहेर पडेल एवढी मोकळी जागा कोणत्या गावाबाहेर उरली आहे.