भिलाई परिसर : वणवे आणि भूवापरबदल

छत्तीसगडमधील भिलाईच्या परिसरात आगीचा आणि जमिनीच्या बदललेल्या वापराचा विचार करताना शहराभोवतीचा धानाचा सपाट मुलूख व तेथून दक्षिणेस सुमारे 90 किमी. अंतरावरील दल्ली-राजहरा (जि. बालोद) येथील डोंगराळ वनपट्टा एकत्र पाहावा लागतो, कारण सोव्हिएत संघाशी 1955 मध्ये झालेल्या करारातून उभ्या राहिलेल्या आणि 1959 मध्ये पहिली झोतभट्टी पेटलेल्या भिलाई पोलाद कारखान्याला लोहखनिज याच पट्ट्यातून मिळत आले आहे.

येथील वने पानझडी असून साल, साग, बीजा, मोह व तेंदू ही त्यांतील महत्त्वाची झाडे होत. मार्च-एप्रिलमध्ये पहाटे गळणारी मोहाची फुले नीट दिसावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तर तेंदूला विडीसाठी कोवळी पाने फुटावीत म्हणून झुडपे जाळण्याची रीत आहे; ही आग आवरली नाही की तिचा वणवा होतो. वनखाते 15 फेब्रुवारी ते 15 जून हा आगीचा हंगाम धरून जाळरेषा, म्हणजे आग पुढे सरकू नये म्हणून आधीच साफ केलेले पट्टे, तयार ठेवते. हा वणवा बहुधा जमिनीलगत, पाचोळ्यावरूनच सरकतो. मोठी झाडे वाचतात. रोपे मात्र वरून करपतात आणि जिवंत मुळांतून पुन्हा फुटतात. सालाच्या रोपांचे असे मरणे-फुटणे वर्षानुवर्षे चालत राहिल्यामुळे त्यांची वाढ खुंटते. राखेतील पोषकद्रव्ये पहिल्या सरींबरोबर वाहून जातात, आणि पाचोळ्याचे आच्छादन गेल्याने उताराची धूपही वाढते.

आगीच्या हानीच्या दृष्टीने उष्णकटिबंधातील पीटभूमीची स्थिती याहून वेगळी आहे. पाणथळ जागी अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचे थर हजारो वर्षे साचून पीट बनते. इंडोनेशियातील मध्य कालिमंतानमध्ये 1995 नंतर भातशेतीसाठी कालवे खणून अशा जमिनीतील पाणी काढले गेले. थर सुकले आणि 1997 च्या दुष्काळात जमीनच आतून धुमसत राहिली. त्या वर्षी देशभरातील पीट व वनस्पती जळून 81 ते 257 कोटी टन कार्बन वातावरणात गेला, असा अंदाज आहे. भिलाईकडे असा साठा नाही, त्यामुळे एका वणव्याची हानी काही पावसाळ्यांत पुष्कळशी भरून निघू शकते. तरीही वनहानीचा दोष बहुतेक वेळा मोह वेचणाऱ्यांवरच येतो.

खाणीची हानी मात्र वणव्याच्या हानीसारखी भरून निघत नाही. उघड्या खाणीत झाडांबरोबर माती, बियाणे व मुळेही जातात, खणून काढलेल्या निरुपयोगी मुरमाचे ढीग उतारावर साचतात आणि पावसात लोहयुक्त तांबडा गाळ खालच्या ओढ्यांत व धानाच्या बांध्यांत उतरतो. मुळात सिंचनासाठी बांधलेल्या तांदुला जलाशयातून कारखान्यालाही पाणी दिले जाते, म्हणजे भूवापरातील बदलाचा भार खाणीच्या हद्दीबाहेरच्या शेतीवरही पडतो. शंकर गुहा नियोगी यांच्या नेतृत्वाखाली 1977 मध्ये स्थापन झालेल्या छत्तीसगड माइन्स श्रमिक संघाने मजुरीच्या लढ्याला जंगल-पाण्याच्या प्रश्नाची जोड दिली, हे खाणकामगारांच्या संघटनेच्या बाबतीत विरळाच म्हणावे लागेल.

भिलाईजवळच्या नंदिनी येथील चुनखडीच्या वापरून संपलेल्या खाणक्षेत्रात अलीकडे वृक्षलागवड झाली असून जुन्या खड्ड्यांतील पाण्यावर पक्षी उतरतात. दुसरीकडे, दल्ली-राजहऱ्याचे लोहखनिजाचे साठे घटत चालल्याने कारखान्यासाठी रावघाटचे डोंगर खुले करण्यात येत असून तिकडील रेल्वेमार्गही वनपट्ट्यातून पुढे नेला जात आहे.