सातबाऱ्यावरचं नाव

स्मरणिकेसाठी लेख दे, असा निरोप ग्रुपवर आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. दिवसभर संगणकापुढे बसणारी मी, लिहिणार काय? मग इतिहासाच्या बाईंचा फोन आला. "सनावळ्या तुझ्या तोंडपाठ असायच्या. इतिहासावरच लिही," म्हणाल्या. बाईंना नाही म्हणायची सवय तेव्हाही नव्हती, आजही नाही. म्हणून हा गृहपाठ, तीस वर्षं उशिरा.

आपण दहावीच्या वर्गात बसलो तो जून १९९४. त्या महिन्याच्या २२ तारखेला महाराष्ट्रात एक कायदा लागू झाला. हिंदू एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखाच जन्मापासून हक्क मिळाला. मात्र त्या तारखेपूर्वी लग्न झालेल्या मुलींना तो लागू नव्हता. माझ्या ताईचं लग्न त्याच वर्षी मे महिन्यात झालं होतं. आपल्यातले कितीतरी जण पंगतीला होते, आठवत असेल. म्हणजे एका आईच्या दोन लेकी, त्यातल्या धाकटीला हक्क आणि थोरलीला नाही. का, तर महिनाभर आधी अक्षता पडल्या म्हणून. आम्हा दोघींना यातलं काहीच माहीत नव्हतं.

ही तारीख कुठून आली हे समजायला थोडं मागे जावं लागतं. आपल्याकडे वारसाहक्क चाले तो मिताक्षरेप्रमाणे. याज्ञवल्क्यस्मृतीवरची विज्ञानेश्वराची ही टीका इंग्रजी न्यायालयांनीही प्रमाण मानली. तिच्या नियमानुसार मुलगा जन्मला की वडिलोपार्जित जमिनीचा वाटेकरी होई. मुलीला लग्नापर्यंत पोटाला आणि लग्नाचा खर्च, एवढंच. विधवेला पोटगी.

याला पहिला धक्का १९३७ साली बसला. मुंबईचे शल्यचिकित्सक डॉ. जी. व्ही. देशमुख यांनी मध्यवर्ती कायदेमंडळात मांडलेला कायदा मंजूर झाला आणि विधवेला नवऱ्याचा वाटा मिळू लागला. पण तो तिच्या हयातीपुरताच. विकायचा किंवा हवा त्याला द्यायचा अधिकार नाही. मुलीला त्यात काहीच नव्हतं.

मग आलं हिंदू कोड बिल. कायदामंत्री डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना जन्माने मिळणारा हा हक्कच काढून टाकायचा होता आणि मुलीला मुलाइतका वाटा द्यायचा होता. विरोध केवळ सनातनी संस्थांचा नव्हता. सत्ताधारी पक्षातूनही होता. बिल रखडत गेलं आणि सप्टेंबर १९५१ मध्ये बाबासाहेबांनी राजीनामा दिला. पुढे त्याच बिलाचे तुकडे करून १९५५-५६ मध्ये चार कायदे झाले. त्यातला हिंदू उत्तराधिकार कायदा जून १९५६ चा. त्यात मुलगी वारस झाली आणि बाईच्या ताब्यातली मालमत्ता पूर्णपणे तिच्या मालकीची झाली. हे पाऊल मोठं होतं. पण मुलाचा जन्मसिद्ध हक्क तसाच ठेवला गेला.

त्याचा परिणाम काय, ते गणिताच्या सरांना स्मरून मांडते. बारा एकर वडिलोपार्जित जमीन आहे. वडील, एक मुलगा, एक मुलगी. आई हयात नाही. वडील वारले. १९५६ च्या कायद्याप्रमाणे आधी बाप आणि मुलगा यांची वाटणी झाली असं धरायचं, सहा-सहा एकर. मग बापाच्या सहा एकरांत मुलगा तीन, मुलगी तीन. शेवटी मुलाकडे नऊ आणि मुलीकडे तीन. शिवाय राहतं घर असेल तर भावांनी वाटणी करेपर्यंत बहिणीला ती मागता येत नसे.

हे गणित बदलायला सुरुवात केली आंध्र प्रदेशाने, १९८६ मध्ये. तमिळनाडूने १९८९ मध्ये तेच केलं आणि १९९४ मध्ये कर्नाटक व महाराष्ट्राने. आपल्याकडे जमीन तयार व्हायला आणखीही काही घडत होतं. १९८६ साली चांदवडला शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन भरलं, हजारो शेतकरी बाया आल्या. पुढे शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली आणि अनेक गावांतल्या शेतकऱ्यांनी आपली थोडी जमीन बायकोच्या नावावर केली. कायद्याने सांगितलं म्हणून नव्हे, आपण होऊन.

९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली. तिने लग्नाच्या तारखेची अट ठेवली नाही. राहत्या घराचं ते कलमही गेलं. आता त्याच बारा एकरांचे आधी तीन वाटे होतात, चार-चारचे. बापाचे चार पुन्हा निम्मे होतात. मुलगा सहा, मुलगी सहा. तरी नऊ सप्टेंबरला वडील हयात असायला हवे होते का, यावर पंधरा वर्षं वाद चालला. ११ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हक्क जन्माचा आहे, वडील हयात असण्याची अट नाही.

१९३७ ते २०२०, त्र्याऐंशी वर्षं. आमच्या धंद्यात जुनी प्रणाली एकदम बंद करता येत नाही, कारण तिच्यावर सगळ्यांचं काम चालू असतं. मग आम्ही ठिगळं लावतो. प्रत्येक ठिगळ काहीतरी दुरुस्त करतं आणि कुणाला तरी बाहेर ठेवतं. विधवा आत आली तेव्हा मुलगी बाहेर राहिली. अविवाहित मुलगी आत आली तेव्हा ताई बाहेर राहिली. तरीही मागचं ठिगळ नसतं तर पुढचं लावता आलं नसतं, हेही तितकंच खरं.

आमचे अण्णा २००९ मध्ये गेले. तोवर कायद्याने ताई आणि मी दोघी सारख्या होतो. तलाठ्याकडे वारसनोंद झाली: आई, दादा, ताई आणि मी. सातबाऱ्यावर आपलं नाव मी पहिल्यांदा पाहिलं आणि पुण्याला परतताना एसटीत तो कागद दोनदा काढून वाचला. पाच महिन्यांनी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसून आम्ही दोघींनी हक्कसोड पत्रावर सह्या केल्या. कुणी धाक घातला नाही. काका एवढंच म्हणाले, "पोरींनो, वाटा घेतला की माहेर तुटतं." दादा मान खाली घालून बसला होता. मी इंजिनिअर, पगारदार. मला जमिनीची गरज नव्हती, म्हणून सही करणं मला मोठ्या मनाचं वाटलं. मी केली म्हणून ताईने केली. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं.

२०१६ मध्ये भावजींचा व्यवसाय बुडाला. ताई दोन मुलांना घेऊन आठ महिने माहेरी राहिली. दादा-वहिनींनी काही कमी केलं नाही. पण सुट्टीत मी गेले तेव्हा पाहिलं, ताई फ्रिज उघडण्याआधी वहिनीकडे बघत होती. ज्या घराच्या ओसरीवर तिने मला पाढे शिकवले, त्या घरात ती पाहुणी होती. कायद्याने इतक्या वर्षांत जे दिलं, ते आम्ही एका दुपारी चहा पिता पिता परत केलं होतं.

मागच्या दिवाळीत आईने सगळ्यांसमोर सांगितलं, "माझ्या नावावर आहे ते थोरलीला. मृत्युपत्र करायचंय." दादा दोन दिवस गप्प होता. तिसऱ्या दिवशी त्यानेच आईला गाडीत बसवून तालुक्याला वकिलाकडे नेलं. माहेर तुटलं नाही. यंदा भाऊबीजेला आम्ही दोघी तिथेच होतो.

आपल्या वर्गात आम्ही बावीस मुली होतो. फोनवर बोलताना कळलं, जवळजवळ प्रत्येकीसमोर हा कागद कधी ना कधी आला आहे. मैत्रिणींनो, पुढे आला तर वाचल्याशिवाय आणि घरी नेऊन चार दिवस विचार केल्याशिवाय सही करू नका. आणि मित्रांनो, बहिणीपुढे तो कागद ठेवण्याआधी एकदा तिच्याशी नीट बोला.

बाई, सनावळ्या तपासून घ्याल. एखादी चुकली असेल तर पूर्वीसारखी दहा वेळा लिहून देईन.