शिश्नाचा कर्करोग व मानवी पॅपिलोमा विषाणू

शिश्नाच्या कर्करोगापैकी सुमारे निम्म्या रुग्णांत मानवी पॅपिलोमा विषाणूचा (एचपीव्ही) सहभाग आढळतो. त्यातही १६ क्रमांकाचा प्रकार सर्वांत अधिक. गर्भाशयमुखाच्या कर्करोगात हा विषाणू जवळजवळ अनिवार्य असतो, तसे येथे नाही. उरलेल्या रुग्णांत आवळ अग्रत्वचा, तिच्याखालचा जुनाट दाह आणि लायकेन स्क्लेरोसस हा त्वचाविकार ही कारणे प्रबळ ठरतात. तंबाखू दोन्ही प्रकारच्या रुग्णांत धोका वाढवते.

विषाणूची ई६ व ई७ ही प्रथिने पेशीतील अनुक्रमे पी५३ आणि आरबी या अर्बुदरोधक प्रथिनांना निकामी करतात. आरबीचा अंकुश सुटल्याने पी१६ हे प्रथिन पेशीत साचते. म्हणूनच ऊतिपरीक्षेत ते विषाणूची खूण मानले जाते. २०१६ पासून जागतिक आरोग्य संघटनेचे वर्गीकरण विषाणुजन्य व विषाणुनिरपेक्ष असे दोन गट करते. बेसलॉइड व चामखिळीसारखे प्रकार पहिल्या गटात येतात. अर्थात, संसर्ग म्हणजे कर्करोग नव्हे. बहुतेक संसर्ग आपोआप ओसरतात.

प्रतिबंधक लस संसर्गापूर्वी घेतल्यास अधिक उपयोगी पडते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ ६, ११, १६ व १८ या प्रकारांविरुद्ध आहे. लस केवळ मुलींसाठी, हा समज मात्र चुकीचा आहे.